मर्यादा आणि थंडावा : जैन स्वयंपाकघरातील फ्रीज

फ्रीजमध्ये कोणते पदार्थ ठेवावेत आणि कोणते ठेवू नयेत, याच्या याद्या आज जागोजागी वाचावयास मिळतात. बहुतेक याद्यांचा आरंभ बटाटा, कांदा आणि लसूण या नावांनी होतो. पुढे मध येतो, अंडी येतात. जैन गृहिणीने अशी यादी हाती घेतली तर तिच्यातील बऱ्याच ओळी तिच्या उपयोगाच्या नसतात. फ्रीजच्या दारात अंड्यांसाठी केलेल्या खळग्यांत तिच्या घरी लिंबे बसलेली असतात आणि बटाट्याचे काम कच्चे केळे करीत असते. याउलट जे प्रश्न तिला खरोखर पडतात, ते त्या याद्यांत कोठेच नसतात. मळलेली कणीक रात्रभर थंडीत राहिली तर ती वासी ठरते की नाही? पंधरा दिवसांची मर्यादा असलेली मिठाई फ्रीजमध्ये ठेवली म्हणून महिनाभर चालेल काय? आर्द्रा नक्षत्र लागल्यावर फ्रीझरमधील आमरसाचे काय करावयाचे?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या व्यापारी कुटुंबांत हे प्रश्न अधिक निकडीचे झाले आहेत. काळबादेवी, भुलेश्वर किंवा मस्जिद बंदर येथे पेढी असलेला गृहस्थ सकाळच्या लोकलने निघतो आणि दिवेलागणीनंतर परततो. चोविहाराचा नियम असेल तर सायंकाळचे जेवण डब्यातून त्याच्याबरोबर जाते किंवा दुपारीच दुकानावर पोहोचते. घरातील सूनही आता नोकरीस किंवा स्वतःच्या व्यवसायास बाहेर पडते. रोज सकाळी भाजी आणून रोज दोन वेळा ताजे रांधण्याची जुनी घडी अशा घरात टिकणे कठीण. मग रविवारी जांभळी नाक्यावरून, कल्याणच्या लक्ष्मी मार्केटमधून किंवा डोंबिवली स्थानकाबाहेरून आठवड्याची खरेदी होते आणि ती सारी फ्रीजमध्ये कोंबली जाते. आवक एकाच दिवशी होते. जावक मात्र हिशेबाने होत नाही. नवा माल पुढे लागतो आणि जुना मागे सरकतो. दुकानातील नोकराने गोदामात असा माल लावला तर शेठजी त्याला तेथेच दोन शब्द सुनावतील. घरातील फ्रीजकडे मात्र त्यांची पाठ असते.

फ्रीज नेमके करतो काय, हे आधी स्पष्ट असावे. अन्न बिघडविणारे बहुतेक जीवाणू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. फ्रीजचे तापमान ४ अंशांच्या आसपास असेल तर ही वाढ मंदावते, थांबत नाही. लिस्टेरियासारखे काही जीवाणू त्या थंडीतही वाढत राहतात. फ्रीझरच्या उणे १८ अंशांत वाढ थांबते, परंतु पदार्थ बाहेर काढून वितळला की ती पुन्हा सुरू होते. म्हणजे थंडीमुळे पदार्थाचे घड्याळ सावकाश चालते. ते मागे मात्र कधीच फिरत नाही. शिळा पदार्थ थंड केल्याने ताजा होत नाही.

जैन परंपरेतील काळमर्यादेचा विचार येथे जुळवून पाहावा लागतो. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानली जाते. श्वेतांबर परंपरेत पक्क्या पाकाची मिठाई, खाखरे इत्यादींसाठी कार्तिकी चौमासीपासून फाल्गुनी चौमासीपर्यंत ३० दिवस, तेथून आषाढी चौमासीपर्यंत २० आणि चातुर्मासात १५ दिवस अशी गणना आहे. दह्याची मोजणीही परंपरेनुसार वेगळी : कोठे २४ तास, कोठे दोन रात्री. भात, डाळ, पोळी, ओली मिठाई हे पाण्याचा अंश असलेले पदार्थ रात्र उलटली की वासी. ही गणना फार जुनी आहे. भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज गोदरेजने बाजारात आणला तो १९५८ साली. साहजिकच या गणनेत फ्रीजच्या नावाने कोणतीही सूट नाही, आणि ती पाळणारी घरे आजही पदार्थ तयार झाल्या वेळेपासूनच दिवस मोजतात. कणकेच्या, मिठाईच्या प्रश्नांचे उत्तर त्यातच आले. आपल्या परंपरेतील बारकावे ज्याने त्याने गुरुभगवंतांकडून समजून घ्यावेत.

या मर्यादा म्हणजे प्राचीन काळचे आरोग्यशास्त्रच होय, असे सांगण्याची एक पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. ती पटण्याजोगी नाही. मर्यादेचा पाया अहिंसा आहे. पदार्थात जीवोत्पत्ती होऊ नये, झाली असल्यास आपल्या जिभेसाठी त्या जीवांचा घात होऊ नये, हा तिचा हेतू. शरीराला होणारा लाभ ही वरची मिळकत. परंतु एक गोष्ट खरी : पाऊस आणि दमटपणा वाढला की मुदत घटवावयाची, आणि ज्यात पाणी जास्त त्याला मुदत कमी द्यावयाची, या दोन्ही कसोट्या अन्नशास्त्रातही तशाच आहेत. ठाण्या-कल्याणचा जुलै महिना ज्याने पाहिला आहे, त्याला पावसाळ्यात पिठाचे सात दिवस तीनांवर का येतात, हे समजावून सांगावे लागत नाही.

मिठाईच्या बाबतीत तर कायदाही याच वाटेने गेला. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटासमोर ती केव्हापर्यंत खावी याची तारीख लिहिणे दुकानदारांना बंधनकारक केले. प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत कलाकंदासारख्या मिठाईला एकच दिवस आणि रसगुल्ला-रसमलाईसारख्या पाकातल्या किंवा दुधातल्या मिठाईला दोन दिवस दिले आहेत. बेसन लाडवासारख्या कोरड्या, तुपात भाजलेल्या पदार्थाला मात्र बरीच अधिक मुदत आहे. फरक पुन्हा पाण्याचाच. म्हणून कोरडे लाडू, शंकरपाळी, मोहनथाळ घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावेत. फ्रीजमध्ये तूप थिजून त्यांचा पोत बिघडतो आणि डबा वारंवार आत-बाहेर झाला की त्यावर बाष्प धरते. बुरशी तेथूनच सुरू होते. खव्याची, पनीरची, दुधाची मिठाई आणल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवावी आणि मर्यादा पाळणाऱ्या घरी त्याच दिवशी संपवावी. पर्युषणाच्या पारण्याला किंवा दिवाळीत चारी बाजूंनी खोकी येतात. त्यांतले काय आज संपवावयाचे आणि काय वाटून टाकावयाचे, याचा निर्णय खोके उघडताक्षणी व्हावा. फ्रीजमध्ये गेलेले खोके सहसा चौथ्या दिवशी बाहेर येते.

आता भाजी आणि फळे. कल्याणच्या बाजार समितीच्या आवारात कसारा आणि माळशेज घाट उतरून आलेली भाजी घरी पोहोचेपर्यंत एक-दोन दिवसांची झालेली असते. तिला थंडी हवी, हे बरोबर. पण सर्वच भाज्यांना नको. उष्ण प्रदेशातील पुष्कळ फळभाज्यांना अतिथंडीने इजा होते. यात पहिला क्रमांक केळ्याचा. सुमारे १३ अंशांच्या खाली केळ्याची साल काळवंडते, आणि कच्चे केळे एकदा असे गारठले की पुढे नीट पिकतही नाही. जैन पावभाजी, कटलेट, वेफर हे सारे कच्च्या केळ्यावर चालत असल्याने घरोघरी डझनाने केळी आणून ती भाजीच्या कप्प्यात ठेवली जातात. ती टोपलीत, वारा लागेल अशी बाहेर ठेवावीत आणि चार दिवस पुरतील इतकीच आणावीत. काकडी आणि भेंडी यांनाही ४ अंशांची थंडी सोसत नाही : काकडी पाणचट होऊन तिच्यावर खोलगट डाग पडतात, भेंडी काळी पडून बुळबुळीत होते. ठेवावयाचीच असेल तर कोरडी करून, कापडी पिशवीत, सर्वांत कमी गार अशा कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवावी.

टोमॅटोचा प्रश्न चवीचा आहे. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, आठवडाभर ५ अंशांत राहिलेल्या पिकल्या टोमॅटोत सुवास निर्माण करणारी जनुकेच मंदावतात आणि टोमॅटो बाहेर काढल्यावरही तो सुवास पूर्ण परतत नाही. कांदा-लसूण नसलेल्या आमटीत चवीचा मोठा भार टोमॅटोवर असतो, हे लक्षात घेता ही हानी लहान नाही. हिरवट टोमॅटो बाहेर पिकू द्यावेत. अगदी मऊ झालेले, दोन दिवसांत न संपणारे तेवढेच आत जावेत. टोमॅटो, केळी, सफरचंद, आंबा ही फळे पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवलेली कोथिंबीर आणि पालेभाजी लवकर पिवळी पडते. पालेभाजी न धुता, निवडून, कोरड्या सुती कापडात गुंडाळावी. वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवय सोडावी, कारण छपाईची शाई अन्नाला लागणे आरोग्यास अपायकारक आहे. अर्थात पुष्कळ श्वेतांबर घरांत फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाजी येतच नाही, तेव्हा ही सूचना त्यांच्यापुरती वर्षातील चार महिन्यांची.

आंबा कच्चा असताना फ्रीजमध्ये घालू नये. गारठलेला हापूस बाहेरून पिवळा दिसला तरी आत बेचव राहतो. पूर्ण पिकल्यावर तो दोन-तीन दिवस आत ठेवण्यास हरकत नाही. रस काढून फ्रीझरमध्ये ठेवण्याची प्रथा मात्र, आर्द्रा नक्षत्र लागताच म्हणजे जूनच्या २२ तारखेच्या सुमारास, आंब्याचा त्याग करणाऱ्या घरांत निरर्थक ठरते. दिवाळीत पुरीबरोबर वाढण्यासाठी मे महिन्यात गोठविलेला रस ही त्या नियमाला काढलेली पळवाट होय. नियम घेतलेला नसेल तर गोष्ट निराळी. पण नियमही घ्यावयाचा आणि रसही गोठवावयाचा, या दोन्ही नोंदी एका खात्यात बसत नाहीत. बावीस अभक्ष्यांत बर्फाचीही गणना असल्याने काही घरांत फ्रीझर जवळजवळ रिकामाच असतो. मटार आणि खोवलेला नारळ याखेरीज त्यात काही नसते, आणि त्यावाचून कोणाचे अडलेलेही दिसत नाही.

ठाणे शहराला श्रीपाल राजाच्या कथेचा वारसा आहे. टेंभी नाक्याचे श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालय कोंकण शत्रुंजय म्हणून ओळखले जाते. चैत्र आणि आश्विनातील नवपद ओळीचे नऊ दिवस ज्या घरी आयंबिल असते, तेथे दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ आणि हिरवी भाजी हे सारे तपस्व्याच्या ताटातून निघून जाते. उरते ते त्या वेळी उकडलेले किंवा भाजलेले कोरडे धान्य. त्या नऊ दिवसांत फ्रीज उघडण्याचे कारणच फारसे उरत नाही. घर पुसून घेण्यासाठी तसा हा चांगला मुहूर्त. फ्रीजच्या मागच्या बाजूस काय काय साचले आहे, ते याच वेळी पाहावे.

कोरड्या सामानाबाबत व्यापारी घराला वेगळे शिकविण्याची गरज नसावी, तरी गोंधळ तेथेच अधिक आढळतो. खाखरा, पापड, सांडगे, साखर, मीठ, गूळ, तूप, तेल यांना घरचा फ्रीज नको. त्यांना दमटपणापासून संरक्षण हवे, आणि ते काम हवाबंद डबा करतो. छुंदा आणि मुरंबा साखरेवरच टिकतात. थंडीत त्यांची साखर दाणेदार होते. सुक्या मेव्याची गोष्ट उलट. बदाम, अक्रोड, पिस्ते यांत स्निग्धांश भरपूर असल्याने उष्ण हवेत ते खवट होतात आणि दमट हवेत त्यांना बुरशी लागते. वाशी-तुर्भ्याचे व्यापारी हा माल शीतगृहात का ठेवतात, याचे कारण हेच. घरातही तो घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर बाहेरचे बाष्प थंड बदामावर जमते. फाल्गुनी चौमासीनंतर सुका मेवा वर्ज्य करणाऱ्यांनी दिवाळीची खरेदी त्याच हिशेबाने करावी.

रवा, मैदा, बेसन यांना कीड लागू नये म्हणून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. थंडीने अंडी आणि अळ्या मरतात, म्हणूनच तो उपाय लागू पडतो. जैन घराने हा सल्ला स्वीकारण्यापूर्वी या वाक्यातील ‘मरतात’ या क्रियापदाशी थांबावे. डब्यात कीड दिसली नाही म्हणजे हिंसा झाली नाही, असे होत नाही. ती दृष्टीआड झाली, इतकेच. येथे उपाय थंडीचा नसून मापाचा आहे. रवा पाव किलो आणावा, गहू निवडून घरघंटीवर आठवड्यापुरते दळावेत, पावसाळ्यात तीन दिवसांपुरते. किराणा दुकान स्वतःचेच असले की पाच किलोची पिशवी घरी आणण्याचा मोह होतो. तो सोडणे कठीण नाही, कारण दुकान जवळच असते.

शिजविलेल्या अन्नात सर्वाधिक धोका भाताचा, हे अनेकांना ठाऊक नसते. तांदळात बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजविताना मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढू लागतात आणि त्यांतून निर्माण होणारे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून दुपारचा भात सायंकाळच्या चोविहारासाठी ठेवावयाचा असेल तर तो परातीत पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा. वाफाळते पातेले तसेच आत ठेवणेही चूक. त्याने शेजारचे दूध तापते. डब्यातून दुकानावर जाणारे अन्न एकतर कडकडीत गरम राहील अशा डब्यात द्यावे किंवा पूर्ण निववून. दुपारभर कोमट राहणारा डबा सर्वांत वाईट. सायंकाळी उरलेल्या अन्नाचा प्रश्न त्याच सायंकाळी सुटावा. गायीला, गरजूला, शेजारी, जेथे जाईल तेथे सूर्यास्तापूर्वी जावे.

दुधाची पिशवी दारात ठेवण्याची प्रथा जवळजवळ सार्वत्रिक आहे. दार हा फ्रीजचा सर्वांत उबदार भाग असून दर उघडझापेबरोबर तो तापतो. दूध, दही, पनीर आतल्या फळीवर, मागच्या बाजूस ठेवावे आणि दारात लिंबू, लोणचे, चटण्या-सॉस. फळ्यांवर गर्दी नको. मध्ये हवा खेळली पाहिजे. दह्याच्या भांड्यावर विरजणाची वेळ लिहिलेली चिठ्ठी असावी. व्यापाऱ्याच्या घरात तारीख टाकणे कोणाला जड वाटू नये.

शेवटचा मुद्दा विजेचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या उच्चदाब वाहिनीत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत वीज परतण्यास सायंकाळ उजाडली. अशा वेळी घरोघरी एकच चूक होते : काय बिघडले ते पाहण्यासाठी फ्रीज पुन्हा पुन्हा उघडला जातो. दार बंद राहिले तर फ्रीजमधील थंडी सुमारे चार तास टिकते. भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो. चार तासांनंतर दूध, पनीर, शिजविलेले पदार्थ यांचा मोह ठेवू नये. लोणची, लिंबे, लोणी, अख्खी फळे यांना भय नाही. २६ जुलै २००५ किंवा २७ जुलै २०१९ सारखा पूर आला, उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूरच्या तळमजल्यांत शिरले, तर पुराचा स्पर्श झालेले सर्व उघडे अन्न टाकून द्यावे आणि कारागिराने पाहिल्याखेरीज फ्रीजचे बटण दाबू नये.

मे महिन्यात कुटुंब पालिताण्याला किंवा मारवाडातील गावी निघते, तेव्हा घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली हे परतल्यावर कळत नाही. फ्रीझरमध्ये मटाराची पिशवी असेल तर निघताना ती हलवून दाणे सुटे असल्याची खात्री करून घ्यावी. परत आल्यावर दाणे सुटे असतील तर हरकत नाही. त्यांचा एकच गोळा झाला असेल, तर ते मधल्या काळात वितळून पुन्हा गोठले आहेत, असे समजून फ्रीझर रिकामा करावा.